रोगणाचा मान

कळमजाईच्या दारात कोंडाबाईला स्वतःचं तोंड दिसलं आणि तिथंच बिनसलं.

देवळाशी त्या दिवशी तिचं काही काम नव्हतं. जुन्नरचा बाजार करून ती एसटीनं कुसवड्याच्या फाट्यावर उतरली होती. वर उंबरमेटला जाणारी जीप भरायची होती, तोवर सावलीला म्हणून देवळाच्या ओट्यावर आली. यात्रा तोंडावर आलेली. मंडपाचे वासे येऊन पडले होते. देवळाचं दार सागाचं, दोन फळ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन काळंभोर झालेलं. आज ते काचेसारखं चमकत होतं. त्यात समोरचा पिंपळ दिसत होता, उभी जीप दिसत होती आणि डोक्यावर पिशवी घेतलेली एक म्हातारी दिसत होती. कोंडाबाईनं हात पुढं केला.

"हात नका लावू, आजी! ओलं हाय."

दाराशी उकिडवा बसलेला पोरगेला माणूस उठला. नाव आदेश, गाव घोडेगाव. मंचरपासून नारायणगावपर्यंतच्या बंगल्यांची दारं आणि हॉटेलांची टेबलं पॉलिश करून देणं हा त्याचा धंदा.

"काय लावलंस रं ह्याला?"

"लॅकर."

"आन रोगण?"

"हेच की रोगण. आता लॅकर म्हणत्यात. अमृतशेठचं काम हाय. एकदा मारलं की धा वर्सं दाराकडं बघाय नको."

"दाराकडं बघायचं न्हाई, तर देवळात यायचं कशाला?"

आदेश हसला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का आजी, मी शेठला म्हणलो व्हतो. ह्ये लाकूड तेलानं तट्ट भरलंय. पार खरवडून, वाळवून मग कोट द्यावा लागतो. शेठ म्हणले, यात्रा हाय, वाळवत बसतो का? मार वरनं."

"मंग बसंल का त्ये?"

"बसंल. ऊन लई हाय." ब्रश डब्यात बुडवत तो म्हणाला, "बसाय पायजे."

समोर जीपवाल्यानं हॉर्न दिला. कोंडाबाई जीपमध्ये बसली ती घरापर्यंत कुणाशी बोलली नाही. जीपमधल्या बायकांनी याची नोंद घेतली, कारण ही गोष्ट नेहमीची नव्हती.

रोगण ही उंबरमेटची बाब होती. जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याला लागलं की धरणाच्या पाण्याच्या कडेनं कुसवडे लागतं, आणि त्याच्या डोक्यावर, डोंगराच्या कुशीत, उंबरमेटची वाडी. खाली ऊस, कांदा, टोमॅटो. वर भात, नाचणी, वरई आणि उतारावरच्या हलक्या जमिनीत खुरासणी. दसऱ्याच्या सुमाराला खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी उतार झाकून जातो. फोटो काढायला पुण्याहून मोटारी येतात. कोंडाबाईच्या लेखी तो फोटो नव्हता, तेल होतं. बी काळं, बारीक; पूर्वी वाडीतल्या घाण्यावर गाळायचे, आता जुन्नरच्या तेलघाणीवर नेतात. यात्रेआधी घरटी थोडंथोडं तेल एकत्र करायचं, तीन दगडांच्या चुलीवर कढवायचं, त्यात कुटलेली राळ सोडायची आणि दोन बोटांत धरून ताणलं की तार सुटेपर्यंत ढवळायचं. हे झालं रोगण. पितळी चरवीत भरून ते खाली कुसवड्याला न्यायचं. यात्रेच्या आदल्या दिवशी वाडीच्या बायका उघड्या तळव्यांनी ते कळमजाईच्या दाराला चोळतात. मग दार ओढून घेतात. रात्रभर आत कुणी जायचं नाही. पहाटे वाडीतली मानकरी बाई खांद्यानं दार लोटते, पहिलं दर्शन तिचं, आणि मग गावाचं.

असं का, याचं उत्तर वाडीत एकच मिळतं. दाराचा साग आमच्या रानातला. लाकूड दिलं, ते राखायचं तेलही आमचं, मग उघडायचं दार दुसऱ्यानं का?

कोंडाबाई लग्न होऊन उंबरमेटला आली ती घाटघरच्या बाजूनं. नवी नवरी असतानाच तिनं कुसवड्यात एक लग्न गाजवलं. वाडीच्या लोकांना तेव्हा गावात शेवटच्या पंगतीला बसवत. भात गार, वरण तळाचं. कोंडाबाई सरळ पहिल्या पंगतीत जाऊन बसली. वाढणाऱ्यानं सांगितलं, "वरच्यांची पंगत मागनं हाय." ती म्हणाली, "दार उघडाया आमी पुढं आन भात खाया मागं? एक काय त्ये ठरवा." पंगत थबकली. शेजारच्या पानावर गावातल्या मोठ्या घरची सून बसली होती, साळुबाई. तिनं आपल्या पानातलं गरम वरण कोंडाबाईच्या भातावर ओतलं आणि म्हणाली, "जेव बाई, न्हाईतर आमचं बी गार हुईल." तिथपासून दोघींची ओळख. घरी गेल्यावर सासूनं कोंडाबाईला फैलावर घेतलं. तीच सासू मरताना रोगणाची चरवी आणि तिचा मान थोरल्या सुनेला न देता हिच्या हातात देऊन गेली.

पुढं नवऱ्याबरोबर, भागूबरोबर, ती दर हंगामाला नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला जाऊ लागली. साळुबाईच्याच घरच्या तिकडल्या शेतात. एका उन्हाळ्यात तोडणीच्या बायकांना प्यायला पाणी नव्हतं. मुकादम म्हणाला, येईल, येईल. कोंडाबाई सगळ्या बायकांना घेऊन बांधावर बसली. तोडलेला माल क्रेटमध्ये तापत राहिला. दुपार व्हायच्या आत पाण्याचा टँकर आला. त्या बांधावर साळुबाईचा शाळकरी मुलगा उभा राहून हे सगळं बघत होता. तो अमृत. आता नारायणगावात त्याची टोमॅटोची आडत आहे, कुसवड्यात बंगला आहे, आणि देवस्थान कमिटीचा तो अध्यक्ष आहे.

जीपमधून उतरून कोंडाबाई घरी आली तेव्हा सून प्रतिभा यात्रेसाठी जुन्नरहून आलेली होती. प्रतिभा तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दाराची हकिकत ऐकून ती सासूपेक्षा जास्त चिडली. तिनं लगेच ग्रंथालयातल्या मैत्रिणीला फोन लावला, शब्दकोश काढून वाचायला लावला, आणि भाकरी थापणाऱ्या सासूसमोर येऊन बसली.

"आई, ऐका. रोगण म्हणजे तेलच. मुळात फारसी शब्द आहे, रोगन. इराणात तेलाला रोगन म्हणतात, तुपालासुद्धा. निजामशाही पहिल्यांदा जुन्नरातच होती ना? तसल्याच कुठल्या दरबारातनं इकडं आला असणार. लाकडाला चकाकी यावी म्हणून तेल लावायचे, तर पुढं चकाकीलाच रोगण म्हणायला लागले."

"म्हंजी आधी त्याल, चमक मागनं," भागू म्हणाला. त्याला कमी ऐकू येतं, पण मतलबाचं सगळं येतं.

"बरोबर, दादा. हॉटेलात रोगनजोश मिळतं ना, त्यातलाही रोगन तोच."

"काय असतंय त्ये?"

"मटण."

"मंग ह्ये घरी कधी व्हनार?"

"तुमी गप ऱ्हावा," कोंडाबाई म्हणाली. "आन खुरासणी? ती तरी हितली का?"

प्रतिभा जरा अडखळली. "तिचं नाव खुरासानवरनं पडलं म्हणतात. तो मुलूखही तिकडचाच."

"म्हंजी आता माझं वावर बी इराणात गेलं!"

"आणि गंमत म्हणजे लॅकर आपला आहे. लाखेवरनं झाला. पळसाला, बोरीला किडे बसतात आणि लाख करतात, ती."

"इळ्याची मूठ बसवत्यात ती लाख?"

"तीच. इकडनं जहाजातनं परदेशी गेली, नाव बदलून डब्यात बसून परत आली. आता डब्यात लाख नसते, केमिकल असतं. नाव तेवढं राहिलं." प्रतिभानं हात झटकले. "अमृतशेठला एवढंच सांगायचं. रोगण म्हणजे तेल. तेल नाही तर रोगण नाही. विषय संपला."

कोंडाबाईनं भाकरी उलटली. "अगं पोरी, शबुद बघून कोन मान देतं व्हय?"

तरीही तिसरे प्रहरी तिघं खाली गेली. कमिटी देवळापुढं पिंपळाखाली बसली होती. अमृतशेठ उठून उभा राहिला, पाया पडला, खुर्ची दिली. माणूस उद्धट नव्हता. गेल्या साली बाजार चांगला लागला तेव्हा त्यानं देवीला दार उजळून देईन असं कबूल केलं होतं, आणि ते मनापासून केलं होतं. दाराशेजारी भिंतीत त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसली होती.

"मावशी, तुमचा मान कुठं जात नाय," तो म्हणाला. "यंदा दाराला त्याल लागत नाय, एवढंच. यात्रेच्या दिवशी स्टेजवर वरच्या वाडीच्या मानकरी बाईंचा सत्कार. साडीचोळी, नारळ, फोटो."

"साडी हाय माझ्याकडं. नेसूनच आले. दार कोन उघडनार?"

अमृतशेठनं पिंपळाच्या पानांकडं पाहिलं. "आईचे गुडघे गेलेत, मावशी. तुमाला म्हायतीच हाय. सारा जन्म तिनं गर्दीत मागं उभं राहून दर्शन घेतलं. काम आमच्या हातनं झालंय, तर एक डाव पहिलं दर्शन तिला..."

"एक डाव? आन धा वर्सं टिकनारं लावलंय की त्ये."

मग प्रतिभानं शब्दाची हकिकत सांगितली, नीट, मुद्देसूद. रोगण म्हणजे तेल इथपासून रोगनजोश आणि लाखेपर्यंत. अमृतशेठनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"म्हंजे ताई, तुमीच सांगताय की रोगण परका, लॅकर आपला. अहो, मग देवीच्या दाराला आमी आपलंच लावलं की! उलट मटणाचा शबुद काढून टाकला."

कमिटी खो खो हसली. प्रतिभाचा चेहरा लाल झाला. तिनं शब्द सिद्ध करून दाखवला होता आणि तोच उलटून अंगावर आला होता. हसणं ओसरेपर्यंत कोंडाबाई थांबली.

"शेठ, माझी सासू टमाट्याला इलायती वांगं म्हनायची. त्या इलायती वांग्यावर तुमचा बंगला उभा ऱ्हायला. तवा कुनी कोश काढून बसलं न्हाई."

आता भोवती जमलेले बघे हसले. अमृतशेठही हसला, पण थोडा उशिरा.

"त्याल आमचं हाय," कोंडाबाई उठत म्हणाली. "शबुद कुनाचा का असंना. आदल्या दिशी येते."

वाडीत सगळे तिच्या बाजूनं होते असं नाही. काही बायका म्हणाल्या, साडी घ्यावी, फोटो घ्यावा, तेल वाचलं ते घरात खावं; एवढ्या कडक उन्हात कढवायचं, डोक्यावर वाहायचं आणि हात काळे करायचे, कुणासाठी? थोरली जाऊ म्हणाली, "चमकतंय तर चमकू दे की. देवीलाच आवडलं असंल." कोंडाबाईनं कुणाशी वाद घातला नाही. तिनं फक्त एक सांगितलं, "वर्सातनं येक दिस सारं गाव वाडीच्या मागं हुबं ऱ्हातं. उरलेलं वर्स आपन त्यांच्या मागं. ज्येला ह्यो दिस नको, त्येनं त्याल देऊ नये." चूल पेटली तेव्हा तेल सगळ्या घरांतून आलं. थोरल्या जावेकडून सगळ्यात शेवटी आलं, पण आलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी बायका चरवी घेऊन उतरल्या तेव्हा दारापुढं दोरी बांधलेली होती. त्या आठवड्यात मांडववाल्यांची धूळ आणि पोरांचे पंजे दारावर उमटले होते, म्हणून अमृतशेठनं त्याच सकाळी आदेशला आणखी एक हात मारायला लावला होता. दार पश्चिमेला तोंड करून. दुपारभर चैत्राचं ऊन त्याच्यावर ओतत होतं. कमिटीनं सांगितलं, मावशी, आता बोटही लावू नका. कोंडाबाईनं लावलं नाही. दोरीबाहेर चरवी ठेवून ती उभी राहिली आणि तिच्यादेखत कमिटीच्या माणसांनी, रिवाजाप्रमाणे, दोन्ही फळ्या घट्ट ओढून घेतल्या. तेवढा रिवाज त्यांनी पाळला. आदेश तिथं असता तर कदाचित बोलला असता, पण तो शर्यतीच्या घाटात उद्याच्या बैलगाड्यांची तयारी बघायला गेला होता.

कोंडाबाई मुक्कामाला साळुबाईकडं गेली. दुसरीकडं जाण्याचा प्रश्नच नव्हता. दर साली ती तिथंच उतरायची. भांडण लेकाशी होतं, आईशी नव्हतं.

"तुझ्या पोरानं मला उद्या मागं हुबं करायचं ठरवलंय," कोंडाबाई म्हणाली.

"मला कुनी इचारलं?" साळुबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "मला म्हनतो, आई, तुला खुर्चीत बसवून नेतो पयल्या दर्शनाला. म्हनलं, देवी काय मला बघाया थांबलीय का?"

"मंग जानार?"

"लेकानं हौस केली तर न्हाई कसं म्हनू?"

"म्हनू नको. म्या म्हनते."

पहाटे ढोल-लेझीम लागलं. गाव देवळापुढं जमा झालं. पुढं खुर्चीत साळुबाई, शेजारी अमृतशेठ आणि त्याची बायको अश्विनी, हातात आरतीचं ताट. दोरीच्या एका अंगाला कोंडाबाई, मागं वाडीच्या बायका, मधे चरवी. दिव्यांच्या उजेडात दार झगमगत होतं. गावातल्या पोरांनी मोबाइल वर धरले होते. गुरवानं घंटा दिली. अमृतशेठनं दोरी सोडली, आईच्या खुर्चीला एक हात लावला, दुसऱ्या हातानं दार लोटलं.

दार हललं नाही.

त्यानं पुन्हा लोटलं. मग दोन्ही हातांनी. मग कमिटीतले दोघं आले. "आतनं कडी पडली का?" आत कुणी नव्हतं. ढोल थांबला. कुणीतरी टॉर्च मारला तेव्हा दिसलं की दोन फळ्या जिथं भेटतात तिथं फटच राहिली नव्हती. वरून लावलेलं सगळं तेलकट लाकडावर मऊच राहिलं होतं, उन्हानं पातळ होऊन फटीत उतरलं होतं, आणि बंद दारात रात्रभर एकमेकाला धरून बसलं होतं. दार डाव्या-उजव्या फळीचं राहिलं नव्हतं. एकच झालं होतं.

"बघा, चिकटलं!" मागून कुणी ओरडलं. "देवीनंच कडी घातली!"

"गप रे," अमृतशेठ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. गर्दीत कुजबुज वाढत चालली. गुरव म्हणाला, "मुहूर्त टळतोय." तेव्हा कमिटीतल्या कुणाला तरी चरवी आठवली.

"मावशी," अमृतशेठ जवळ येऊन हळू म्हणाला, "जरा त्याल सोडा फटीत. सुटंल."

"कशाचं त्याल?"

"तुमचं... रोगण."

"रोगण दाराला लावत्यात, शेठ. फटीला न्हाई. बिजागरीला घालायचं त्याल दुकानात मिळतं."

"मावशी, ही यळ हाय का भांडायची? सारं गाव खोळंबलंय."

"म्या कुटं भांडते? म्या कालपासून हुबी हाय."

खुर्चीतून साळुबाई ओरडली, "अगं कोंडे, देवी आत अडकलीय!"

"म्या न्हाई अडकवली!"

"बरं, सगळ्या दाराला लावा," अमृतशेठ म्हणाला. "लावा, कोन नाय म्हनतंय?"

कोंडाबाईनं चरवीत तळवा बुडवला आणि दारावर ओढला. तेल दाराला लागलं नाही. चकाकीवरून ते ओघळत खाली आलं, उंबऱ्यावर थेंब थेंब पडलं. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसू कोंडाबाईला नीट ऐकू गेलं. वाडीच्या बायकांनी माना खाली घातल्या. तिनं तळवा पदराला पुसला.

"ह्ये पीत न्हाई," ती म्हणाली. "ह्येला तहानच न्हाई. खरवडा."

"यात्रेच्या दिवशी दार खरवडू?" अमृतशेठचा आवाज चढला. "नवं काम हाय ते!"

एवढ्यात कुणीतरी आदेशला गाडीवर घालून आणलं. त्यानं दार पाहिलं, शेठकडं पाहिलं, आणि 'मी म्हणलो व्हतो' हे शब्द मोठ्या कष्टानं गिळले. थिनरचा डबा आणि पातळ पातं घेऊन तो फटीवर वरपासून खालपर्यंत काम करत गेला. मग पातं आडवं घालून त्यानं जोर दिला. चर्रर्र असा आवाज आला आणि चकाकीचं सालटं निघालं. दुधावरची साय ओढावी तसं, वरच्या चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत. दोन्ही फळ्यांवर मिळून वीतभर रुंद पट्टा उघडा पडला. खालचं लाकूड काळंच होतं, ओळखीचं.

"सुटलं," आदेश म्हणाला. "आता लोटा."

अमृतशेठ पुढं झाला. त्याच्याआधी कोंडाबाईनं चरवी उचलली, दोन पावलं चालून गेली आणि ती बरोबर उंबऱ्याच्या मधोमध, दाराला टेकवून ठेवली. काठोकाठ भरलेली. मग बाजूला होऊन उभी राहिली.

सगळे थांबले. दार लोटायचं तर चरवी कलंडणार. यात्रेच्या पहाटे देवीच्या उंबऱ्यावर तेल सांडायचं पाप कुसवड्यात कुणी करणार नाही. आणि चरवी उचलायची म्हटलं तर रोगणाच्या चरवीला वाडीबाहेरचा हात आजवर लागलेला नव्हता. अमृतशेठनं गुरवाकडं बघितलं. गुरव घंटेकडं बघू लागला.

"उचला की मावशी," अमृतशेठ म्हणाला.

"उचलते. रोगण लावून झालं की."

"आईला खुर्चीत बसवून आणलंय मी."

"बसू दे. उन्हाला येळ हाय."

सगळ्यांच्या नजरा साळुबाईकडं वळल्या. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माझ्याकडं काय बघताय?" ती म्हणाली. "मला आरामात खुर्ची हाय. ज्यास्नी हुबं ऱ्हावत न्हाई त्यांनी बसून घ्या." मग कोंडाबाईला म्हणाली, "आन तू उरक जरा. नखरे पुरे."

कोंडाबाईनं उरकलं नाही. तिनं वाडीच्या एकेका बाईला नावानं हाक मारली. एकेक जण पुढं आली, चरवीत हात बुडवला आणि उघड्या पट्ट्यावर तळवा ओढला. लाकूड तेल प्यायला लागलं. प्रतिभाला तिनं शेवटी बोलावलं. प्रतिभानं आजवर हे काम केलेलं नव्हतं. साडी सांभाळत ती वाकली. "चांगला तळवा लाव," सासू म्हणाली. "बोटांनी काय कुंकू लावतीस?" मागं गाव उभं होतं. काही वैतागून, काही मजा बघत, पण मागंच.

मग कोंडाबाईनं चरवी उचलून प्रतिभाच्या हातात दिली, उजवा खांदा दाराला लावला आणि लोटलं. दार कुरकुरलं आणि उघडलं. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे साळुबाईच्या खुर्चीचा एक दांडा धरला. "चल," म्हणाली, "आता तुझा नंबर." दुसरा दांडा अमृतशेठनं धरला.

यात्रा पार पडली. संगमरवरी पाटी जागेवर राहिली, दोन्ही बाजूंची चकाकी राहिली आणि मधे वीतभर काळा पट्टाही राहिला. पावसाळ्याआधी कमिटीनं आदेशला पट्टा जुळवून द्यायला सांगितलं. आदेशनं दाराला हात लावून पाहिला आणि म्हणाला, ओल्या तेलावर नाय बसत. बसवायचं तर सगळंच खरवडायला लागंल, कुठून सुरुवात करू? त्याचं उत्तर कमिटीत अजून ठरलेलं नाही. पावसाळ्यात पट्ट्याच्या कडेनं चकाकीचे पापुद्रे सुटू लागले.

कोंडाबाई दर बाजाराला फाट्यावर उतरते. जीप भरेपर्यंत देवळाच्या ओट्यावर बसते. बसल्या बसल्या अंगठ्याच्या नखानं पापुद्रा उचलते, ओढते, पिशवीत टाकते. ओट्यावर कचरा करणं तिला पटत नाही. दसऱ्यापर्यंत पट्टा हातभर झाला. वर खुरासणी फुलली होती. तिनं यंदा वरच्या अंगाची पडीक जमीनही पेरली होती.

दिवाळीनंतर कमिटीनं दाराशेजारी एक पत्र्याची पाटी लावली: दारास हात लावू नये.

"मावशी, पाटी वाचली का?" अमृतशेठनं एकदा ओट्याशी गाडी थांबवून विचारलं.

"वाचली की," कोंडाबाई म्हणाली. "झ्याक लिवलीय." आणि शेठच्या डोळ्यांत बघत तिनं पुढचा पापुद्रा ओढला.